संशय आणि हातातला फोन
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 या व्यासपीठावरून आपण आजवर पुष्कळ विषय ऐकले. आहार झाला, बचत झाली, मुलांचे अभ्यास झाले, गुडघेदुखीवर तर दोनदा झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, ‘संशयावर बोलते.’ त्या हसून म्हणाल्या, ‘कोणाच्या?’ मी म्हटले, ‘माझ्याच.’ मग मात्र त्यांचे हसू थांबले, आणि त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर ‘संशय आणि हातातला फोन’ असे लिहून टाकले. तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे उपदेश नव्हे. ठेच लागलेल्या बाईने मागून येणाऱ्यांना दाखवलेला तो दगड आहे, असे समजा.

आपल्यापैकी पुष्कळजणींनी ‘संशयकल्लोळ’ पाहिले असेल. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १९१६ साली या नावाने रंगभूमीवर आले. मूळ कथा फार जुनी. मोलिएरने ती १६६० साली पॅरिसमध्ये रंगवली, इंग्रजीत तिच्यावरून १७६१ साली आर्थर मर्फीचे नाटक झाले, आणि तेथून ती देवलांच्या हाती आली. या साऱ्या गोंधळाचे मूळ काय, तर एक तसबीर. ती भलत्या हातात दिसते आणि फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो. कृत्तिका तर आधीपासूनच नवऱ्यावर डोळा ठेवून असते. जो तो अर्धेच पाहतो आणि उरलेले अर्धे मनाने भरून काढतो. आपण पोट धरून हसतो, कारण आपल्याला प्रेक्षकांत बसून दोन्ही बाजू दिसत असतात. याच देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले होते. तेथेही संशय, पण तेथे कोणी हसत नाही. ऑथेल्लोने एका हातरुमालावरून निरपराध बायकोचा जीव घेतला. वस्तू एवढीशी, पण एका घरी तिचा फार्स होतो आणि दुसऱ्या घरी प्रेत पडते.

त्या काळी घरात तसबीर एखादी असायची, हातरुमालही मोजके. आज आपल्या प्रत्येकीच्या हातात हजारो तसबिरींची पेटी आहे, आणि ती रात्रंदिवस उघडी आहे. मग फाल्गुनराव आणि कृत्तिका घरोघरी निपजले तर नवल काय?

आता माझी गोष्ट सांगते. ह्यांच्या शाळासोबत्यांनी, म्हणजे १९७३ साली जुनी अकरावी झालेल्या वर्गाने, चारेक वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. पन्नासेक माणसे, सगळी पासष्टीच्या घरातली. सकाळी गुलाबाची फुले, दुपारी विनोद, रात्री जुनी गाणी. निवृत्तीनंतर हे जरा गप्पगप्प झाले होते, ते फोनकडे बघून एकटेच हसू लागले. खरे म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पहिले काही दिवस झालाही.

मग त्या वर्गाचे स्नेहसंमेलन झाले, आणि त्याचा फोटो आला. ह्यांच्या शेजारी एक वर्गभगिनी उभ्या होत्या. मी दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. बायांनो, फोटो मोठा केला की माणसे स्पष्ट होत नाहीत, धूसरच होतात. पण मला मात्र त्या धूसर ठिपक्यांत नको नको ते स्पष्ट दिसू लागले. त्या बाई ग्रुपवर काही लिहीत, त्याखाली ह्यांचा अंगठा असे. हे काही लिहीत, त्याखाली त्यांचे दोन जोडलेले हात असत. मी ते मोजू लागले. एरवी वाण्याची यादी माझ्या ध्यानात राहत नाही, पण कोणत्या दिवशी कोणी किती अंगठे दिले हे मला तोंडपाठ होते.

पुढचे सांगायला लाज वाटते, पण सांगते. हे अंघोळीला गेले असताना त्यांच्या फोनमधून मी त्या बाईंचा नंबर घेतला आणि माझ्या फोनमध्ये ‘गॅसवाला’ या नावाने ठेवून दिला. रात्री हे बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसत, तेव्हा मी आत अंधारात माझा फोन उघडून बघे. हे ऑनलाइन, ‘गॅसवाला’ही ऑनलाइन! झाले. दोघेही जागे आहेत, दोघेही फोनवर आहेत, म्हणजे एकमेकांशीच बोलत आहेत, असा निकाल मी देऊन टाके. त्याच क्षणी मीसुद्धा ऑनलाइन होते, आणि मी कोणाशी बोलत होते? कोणाशीच नाही. हा साधा विचार माझ्या मनात त्या वेळी एकदाही आला नाही.

एके दिवशी ह्यांच्या फोनवर एक ओळ दिसली. ‘कृपा करून हे कोणाला सांगू नका.’ माझ्या पायांखालची जमीन सरकली. मग आठवडाभर मी बोलले नाही. ह्यांनी विचारले, ‘बरं नाही का?’ मी म्हटले, ‘मला काय धाड भरलीय!’ शेवटी एका सकाळी चहाचा कप पुढे आदळला आणि सगळे ओकून मोकळी झाले.

हे ओरडले नाहीत. उठले, कपाटातून एक जाडजूड पाकीट आणले आणि माझ्यासमोर ठेवले. त्या बाईंच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता. मुले परदेशी. इस्पितळाच्या खर्चाच्या विम्याची कागदपत्रे दोनदा परत आली होती. ह्यांची सारी नोकरी विम्याच्या कचेरीत गेलेली, म्हणून बाईंनी ह्यांना विचारले होते. ग्रुपमध्ये सगळ्यांनी हळहळ करावी हे त्यांना नको होते, म्हणून ‘सांगू नका’. हे मला एवढेच म्हणाले, ‘तू मला विचारायला हवं होतंस.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘मीही तुला सांगायला हवं होतं.’

येथे गोष्ट संपली असती तर ती ‘संशयकल्लोळ’ झाली असती, आणि मी आज ती हसतहसत सांगितली असती. पण ह्यांनी तो ग्रुप सोडला. मी सोडा म्हटले नव्हते. पुढे कितीतरी दिवस हे आपला फोन जेवणाच्या टेबलावर, पडदा वर करून, कुलूप न लावता ठेवत. बघ, हवे तेव्हा बघ. त्या उघड्या फोनकडे बघून मला जेवण जात नसे. आणि त्या बाईंचे यजमान गेले, हे आम्हाला पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले, कारण ह्यांना कळवायला ग्रुप उरला नव्हता. आम्ही दोघे भेटायला गेलो. बाईंनी मला जवळ बसवून घेतले, हात हातात घेतला आणि ह्यांनी केलेल्या मदतीबद्दल माझे आभार मानले. माझ्या पिशवीतल्या फोनमध्ये त्यांचे नाव तेव्हाही ‘गॅसवाला’ होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, भाचीकडून समजून घेतले. त्यातले थोडे आपल्याला सांगते.

पहिली गोष्ट, हा फोन नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही. ‘ऑनलाइन’ म्हणजे त्या माणसाने व्हॉट्सॲप उघडले आहे, एवढेच. तो कोणाशी बोलतो आहे, काय वाचतो आहे, की फोन हातात धरून डुलकी घेतो आहे, यातले काही त्यावरून कळत नाही. ‘लास्ट सीन’ म्हणजे तो शेवटचा केव्हा आत डोकावला ती वेळ. २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या, म्हणजे निरोप उघडला गेला हे समजू लागले. तेव्हापासून ‘वाचून उत्तर का दिले नाही?’ हे नवे भांडण घरोघरी सुरू झाले. पूर्वी पत्र पोचायला चार दिवस लागत, आणि उत्तर आले नाही तर आपण टपालखात्याला बोल लावत असू. आता बोल लावायला नवराच उरला. आपल्याकडे म्हण आहे, डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर. ऐकलेले आणि पाहिलेले यांत फरक असतो. पण या फोनवर दिसते ते धड ऐकलेलेही नसते आणि पाहिलेलेही नसते. ते नुसते चिन्ह असते, आणि त्याचा अर्थ आपण आपल्या मनातून घालतो.

दुसरी गोष्ट, हा केवळ आपल्या बायकांच्या डोक्यातला किडा आहे, असे नाही. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी, म्युझ, ख्रिस्तोफिदीस आणि देमारे यांनी, ३०८ तरुण विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवर जास्त वेळ घालवणाऱ्यांना आपल्या जोडीदाराविषयी तेथे जास्त मत्सर वाटतो, असे त्यांना आढळले. मुळात संशयी स्वभाव कोणाचा आहे आणि कोणाचा नाही, हा फरक हिशेबात धरूनही ते आढळले. त्यांनी मांडलेला तर्क मला फार पटला. अर्धवट काहीतरी दिसते, त्याने मन खट्टू होते. खट्टू मन आणखी शोधायला लागते, शोधले की आणखी अर्धवट काहीतरी सापडते. घाण्याच्या बैलासारखे हे फिरत राहते, आणि तेल मात्र निघत नाही. अर्थात हा अभ्यास एकाच ठिकाणच्या विद्यार्थ्यांचा होता. वेळ जास्त म्हणून मत्सर वाढला, की मत्सर होता म्हणून वेळ जास्त गेला, हे अशा अभ्यासातून पक्के ठरत नाही. पण मी माझ्याकडे पाहिले तेव्हा मला दोन्ही खरे वाटले.

तिसरी गोष्ट, ही यंत्रे चालवणाऱ्यांनाही यातली थोडी कल्पना असावी. इन्स्टाग्रामवर पूर्वी एक पान होते. आपण ज्यांच्या मागे आहोत ती माणसे कोणाकोणाच्या फोटोला पसंती देतात, हे त्यावर आयते दिसे. २०१९ च्या ऑक्टोबरात ते पान काढून टाकण्यात आले. त्या पानावरून किती साखरपुड्यांत खडे पडले असतील, देव जाणे.

आता तरुण मुलींविषयी बोलते, कारण आपल्यापैकी बऱ्याचजणी लग्नाच्या वयाच्या मुलामुलींच्या आया आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा साखरपुडा झाला. मुलगा चांगला शिकलेला, घर चांगले. आठच दिवसांत त्याने तिच्या फोनचा पासवर्ड मागितला. म्हणाला, ‘प्रेम आहे ना? मग लपवायचं काय?’ तिने दिला. मग त्याने जुने फोटो काढून टाकायला सांगितले. मग कॉलेजातल्या मित्रांची नावे. मग कचेरीतून निघताना आपण कोठे आहोत हे फोनवर सतत दिसत राहिले पाहिजे, असा हट्ट. मुलगी आईला म्हणाली, ‘आई, त्याला माझी किती काळजी आहे बघ.’ आई माझ्याकडे आली. मी एवढेच विचारले, ‘त्याने स्वतःचा पासवर्ड हिला दिला का?’ दिला नव्हता. ते लग्न मोडले. पुष्कळ लोकांनी मुलीलाच नावे ठेवली. आज ती मुलगी सुखात आहे. लोक बोलायचे ते बोलून विसरून गेले.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या आहेत. मन दुखते, भीती वाटते, आपले माणूस दुरावेल असे वाटते, तो मत्सर. तो तुम्हाला, मला, सगळ्यांना होतो. त्यात पाप नाही. पण त्या भीतीपोटी दुसऱ्याचे हातपाय बांधणे हा जुलूम आहे, मग तो नवऱ्याने करो की बायकोने. बायकोचा फोन हिसकावणे, माहेरी बोलू न देणे, प्रत्येक निरोपाचा जाब विचारणे, याला काळजी म्हणू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही धरला आहे. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हे २०१३ पासून पाठलागाच्या गुन्ह्यात येते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम ७८ मध्ये आहे. अडचणीतल्या कोणा बाईला १८१ हा नंबर लिहून द्या. तिच्या फोनमध्ये ठेवायचा नसेल तर तिच्या डब्याच्या झाकणाआड चिठ्ठी ठेवा, पण द्या.

आणि आपल्या सासवांचाही एक वाटा आहे, तो मी झाकणार नाही. ‘सूनबाईचं स्टेटस पाहिलंस का? कोण हा बरोबर उभा?’ असे आपण मुलाला सहज विचारतो. आपण विचारून झोपी जातो, आणि तिकडे दोघांची रात्र खराब होते. पूर्वी शेजारणीने चहाडी केली तर तिला उंबऱ्याबाहेर ठेवता येई. आता चहाडी आपल्याच अंगठ्याने होते. जे आपण पाहिले नाही, ज्याचा आपल्याला अर्थ ठाऊक नाही, ते पुढे पाठवू नये.

कोणी म्हणेल, ‘बाई, तुमचा संशय खोटा निघाला म्हणून हे बोलता. पण एखादीचा खरा असला तर?’ प्रश्न रास्त आहे. खरा असतो, हे मी जाणते. या फोनमुळे चोरून जुळवणेही सोपे झाले आहे. पण तेव्हाही मी हेच सांगेन की रात्री अंधारात फोन चाळून तुमच्या हाती पुरावा लागेल, उत्तर लागणार नाही. उत्तर समोर बसून विचारल्यावरच मिळते, आणि ते कडू असले तरी त्यावर पुढचे पाऊल टाकता येते. विचारूनही तो टाळत असेल, उलट तुम्हालाच वेडी ठरवत असेल, तर माहेरचे, एखादे विश्वासाचे वडीलधारे माणूस किंवा समुपदेशक यांना मध्ये घ्या. एकटीने कुढत बसू नका. मंडळाचे दार त्यासाठीच उघडे आहे.

मी माझ्यापुरते चार नियम केले, ते सांगून संपवते.

एक, संशय आला की तो चोवीस तासांच्या आत तोंडाने बोलायचा, आणि आरोप करून नव्हे, विचारून. ‘तुम्ही तिच्याशी का बोलता?’ असे न म्हणता ‘मला आज असं पाहून वाईट वाटलं, मला सांगाल का?’ असे म्हणायचे. शब्द तेवढेच लागतात, पण घर वेगळे राहते.

दोन, दुसऱ्याचा फोन उघडायचा नाही. उघडावासा वाटला तर तो हात कशासाठी निघाला हे आधी स्वतःला विचारायचे.

तीन, रात्री जेवणानंतर दोघांचे फोन एकाच फळीवर. आमचे फोन आता देवघराशेजारच्या फळीवर झोपतात. सुरुवातीला चुकल्यासारखे झाले, मग आम्ही पत्ते खेळू लागलो. हे फसवून खेळतात, तो संशय मात्र मी अजून घेते.

चार, दुसऱ्यांच्या फोटोंवरून आपला संसार मोजायचा नाही. दुरून डोंगर साजरे. लग्नाच्या वाढदिवसाचा केक फोटोत येतो, त्याआधीचे भांडण येत नाही. जिच्या नवऱ्याने चार ओळी लिहिल्या तिचे सुख मोठे, आणि ज्याने न बोलता पाण्याची बादली उचलून ठेवली त्याच्या बायकोचे लहान, असे नसते.

गेल्या दिवाळीत मी स्वतः त्या बाईंना फोन केला आणि ह्यांना वर्गाच्या ग्रुपमध्ये परत घ्यायला सांगितले. हे आधी नको म्हणाले, मग गेले. परवा फोनकडे बघून मोठ्याने हसले. मी स्वयंपाकघरातून विचारले, ‘काय झालं?’ हे म्हणाले, ‘ये, दाखवतो.’ मी पोळी तव्यावर ठेवून गेले नाही. म्हटले, ‘पोळ्या झाल्या की सांगा.’ ह्यांनी जेवताना सांगितले. विनोद अगदीच सामान्य होता. पण मी पुष्कळ हसले.

आणि हो, ‘गॅसवाला’ पुसून तेथे मी त्या बाईंचे खरे नाव घातले आहे.